शुद्धीकरणानंतरच्या सांडपाण्यातील औषधांचे अवशेष आणि मराठवाड्यातील जलचर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाम, सुखना, बिंदुसरा, मांजरा आणि गोदावरीच्या काठावर राहणारे नागरिक, मच्छीमार, शेतकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही काही गोळ्या गटारात टाकत नाही. मग सांडपाण्यात औषधे येतात कुठून?

बहुतांश भाग मूत्र आणि विष्ठेतून येतो. पोटात गेलेले औषध शरीर पूर्णपणे वापरून संपवत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची सर्वाधिक दिली जाणारी गोळी शरीरात जवळजवळ बदलतच नाही. शोषला गेलेला भाग मूत्रपिंडांवाटे आणि न शोषलेला भाग विष्ठेवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यामुळे दिवसाला एक ग्रॅम घेणाऱ्या रुग्णामागे जवळपास तेवढेच औषध रोज ड्रेनेजमध्ये उतरते.

दुसरा मार्ग सहसा लक्षात येत नाही, तो मलमांचा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे मलम गुडघ्याला किंवा कमरेला चोळले तर त्वचेतून आत शिरणारा भाग जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेले औषध हातावर, त्वचेवर आणि कपड्यांवर राहते आणि हात धुताना, आंघोळ करताना, कपडे धुताना थेट मोरीत जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरोघरी किती मलम चोळले जाते हे मराठवाड्यात कोणाला सांगण्याची गरज नाही. रुग्णालये, कारखाने आणि जनावरांची औषधे हे आणखी तीन स्रोत आहेत. त्यांतील शेवटच्या दोघांविषयी प्रश्न ७ आणि ९ पाहावेत.

२. प्रक्रिया केंद्रातून पाणी शुद्ध होऊनच बाहेर पडते ना? मग त्यात औषध राहते कसे?

छत्रपती संभाजीनगरच्या कांचनवाडीसारख्या केंद्रांची रचना सेंद्रिय घाण, तरंगणारा गाळ, नायट्रोजन आणि रोगजंतू कमी करण्यासाठी केलेली असते, आणि केंद्र नीट चालले तर ते काम होते. हवा दिलेल्या टाक्यांमधील जिवाणू ही घाण खातात. औषधाचा रेणू त्यांना पचला तर तो नाहीसा होतो, नाही पचला तर पाण्याबरोबर पुढे जातो. त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था केंद्रात नसते.

म्हणूनच औषधागणिक चित्र बदलते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अशा केंद्रात निघून जातो. डायक्लोफेनॅकचा बहुधा निम्म्याहून कमी भाग निघतो. फेफऱ्यावर दिले जाणारे कार्बामाझेपिन जवळपास जेवढे आत येते तेवढेच बाहेर पडते, आणि म्हणूनच एखाद्या विहिरीत किंवा ओढ्यात सांडपाणी मिसळले आहे का, हे ओळखण्यासाठी संशोधक त्याचा खुणेसारखा उपयोग करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची गोष्ट आणखी निराळी आहे. ते पाण्यातून मोठ्या प्रमाणात कमी होते, पण त्याचा बराच भाग गाळाला चिकटून बसलेला असतो. तोच गाळ खत म्हणून शेतात गेला तर औषधही शेतात जाते, त्यामुळे ‘केंद्राने इतके टक्के काढले’ असे वाचताना ते नष्ट झाले की फक्त जागा बदलून बसले, हे विचारायला हवे.

३. नॅनोग्रॅम म्हणजे नेमके किती? एवढ्याशा प्रमाणाने काय होणार?

एका लिटरमध्ये एक नॅनोग्रॅम म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरला की त्यात सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी असते. एवढ्या पाण्यात ही पातळी गाठण्यासाठी साधारण २.९ किलो औषध पुरते. सांडपाण्यात औषधे लिटरला काही नॅनोग्रॅमपासून काही हजार नॅनोग्रॅमपर्यंत आढळतात.

प्रमाण कमी आहे हे खरे. पण औषध हा पदार्थच मुळी अल्प मात्रेत शरीराचे काम बदलण्यासाठी बनवलेला असतो, आणि ज्या ग्राहींवर (पेशींवरील औषध पकडणाऱ्या जागांवर) तो माणसात काम करतो त्यांतील अनेक ग्राही माशांमध्येही असतात. शिवाय मासा ते पाणी दिवसातून दोनदा पीत नसतो. अंड्यातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत त्याचे कल्ले त्याच पाण्यात असतात.

४. युरोपातील नद्यांमध्येही औषधे सापडतात आणि तेथे मासे आहेतच. मग मराठवाड्यात वेगळी काळजी कशासाठी?

या यादीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे.

युरोपात नव्या औषधाचा पर्यावरणीय धोका मोजताना सांडपाणी नदीत मिसळल्यावर दहापट पातळ होते असे प्राथमिक टप्प्यावर गृहीत धरले जाते. बारमाही आणि भरपूर पाण्याच्या नद्यांसाठी हा हिशेब चालून जातो. मराठवाड्यात पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तोही दरवर्षी पुरेसा पडत नाही, आणि दिवाळीनंतर लहान नद्या आटू लागतात. मार्च ते मे या काळात शहरातून जाणाऱ्या नदीच्या पात्रात जे पाणी वाहताना दिसते त्यातील बहुतेक पाणी प्रक्रिया केलेले किंवा न केलेले सांडपाणी असते. केंद्राच्या नळाशी औषधाचे प्रमाण ५०० नॅनोग्रॅम असेल तर युरोपच्या हिशेबाने नदीत ते ५० व्हायला हवे. येथे दोन किलोमीटर खालीही ते ५०० च्या जवळपास राहू शकते, कारण मिसळायला दुसरे पाणीच नसते.

दुष्काळी वर्षात हा फरक आणखी वाढतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा उन्हाळ्यातही लोक औषधे घेतच असतात, आणि पाण्याचा वापर कमी झाल्यामुळे सांडपाणी उलट अधिक दाट होते. पात्रातील डोहांमध्ये तग धरून राहिलेले मासे, झिंगे आणि बेडकांची पिल्ले नेमकी याच काळात त्या दाट पाण्यावर अवलंबून असतात. म्हणून परदेशी अहवालातील ‘धोका कमी’ हा निष्कर्ष खाम किंवा बिंदुसरेला तसाच लावणे मला चुकीचे वाटते. जुलैमध्ये घेतलेल्या एका नमुन्यावरून नदी सुरक्षित ठरवणेही तितकेच चुकीचे आहे.

५. मासे मेलेले तर दिसत नाहीत. मग परिणाम होतो म्हणजे नेमके काय होते?

सांडपाण्यातील औषधांनी मासे पटापट मरून तरंगत नाहीत. तसे दिसले तर बहुधा पाण्यातील प्राणवायू संपलेला असतो किंवा एखादे तीव्र विष सोडलेले असते. औषधांचा परिणाम प्रजनन, वर्तन आणि अवयवांवर होतो.

सर्वांत स्पष्ट पुरावा कॅनडातील आहे. ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या एका तळ्यात संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात इथिनिलएस्ट्रॅडिऑल हे गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरक लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील अशा बेताने सोडले. नर मासे अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार करू लागले, जे एरवी फक्त मादी बनवते. त्यांच्या वृषणांची वाढ बिघडली, आणि अल्पायुषी फॅटहेड मिनो या लहान माशाची संख्या काही वर्षांत जवळपास शून्यावर आली. एकही मासा विषाने तडफडून मेला नव्हता. नवी पिढीच जन्माला येत नव्हती. संप्रेरक सोडणे थांबल्यावर पुढील काही वर्षांत ही संख्या सावरली, हेही सांगायला हवे.

आपल्याकडे हा निष्कर्ष लावताना एक फरक ध्यानात घ्यावा. भारतात कुटुंबनियोजनात स्त्री-नसबंदीचा वाटा फार मोठा आहे आणि रोजच्या गोळीचा कमी आहे. सरकारी ‘माला-एन’मध्ये इथिनिलएस्ट्रॅडिऑल असते, पण आठवड्याला घ्यायच्या ‘छाया’ गोळीत ते नसते. त्यामुळे या एका संप्रेरकाचे प्रमाण युरोपपेक्षा येथे कमी असणे शक्य आहे. माणसांच्या आणि दुभत्या जनावरांच्या मलमूत्रातून येणारी नैसर्गिक स्त्री-संप्रेरके मात्र येथेही असतातच.

वर्तनाचे उदाहरण स्वीडनमधील. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चिंतेवर दिल्या जाणाऱ्या ऑक्झाझेपाममुळे पर्च मासे अधिक धीट झाले, थव्यापासून दूर राहू लागले आणि जलद खाऊ लागले. असा मासा प्रयोगशाळेत तब्येतीने उत्तम दिसतो. पाणकावळे आणि मरळ असलेल्या पाण्यात थवा सोडणारे पिल्लू किती टिकेल, हा खरा प्रश्न आहे.

६. डायक्लोफेनॅकने गिधाडे संपली असे वाचले. तेच औषध नदीत असेल तर मासेही तसेच मरतील का?

दोन्ही गोष्टी एकाच औषधाच्या असल्या तरी मार्ग आणि मात्रा वेगळी आहे. गिधाडांना ते पाण्यातून मिळाले नाही. उपचारानंतर लगेच मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात मोठी मात्रा गेली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली आणि २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची मोठी कुपी बंद करून ३ मिलिलिटरची एकच मात्रा ठेवली. पाण्यातील प्रमाण त्या मानाने अत्यल्प असते. रेनबो ट्राउट माशांच्या मूत्रपिंडांत आणि कल्ल्यांत लिटरला काही हजार नॅनोग्रॅमच्या पातळीवर बदल दिसल्याचे प्रयोग आहेत, पण सर्व प्रयोगांचे निकाल सारखे आलेले नाहीत.

७. माशांशिवाय इतर जीवांचे काय? आणि जनावरांच्या औषधांचा यात संबंध येतो का?

संबंध येतो, आणि तो केंद्राला पूर्ण वगळून येतो, कारण गोठ्यातील शेण-मूत्र कोणत्याही प्रक्रिया केंद्रात जात नाही. जंत आणि गोचिडांसाठी दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनचा मोठा भाग शेणातून तसाच बाहेर पडतो. डॅफ्निया हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा कवचधारी जीव माशांच्या पिल्लांचे मुख्य खाद्य आहे. प्रयोगात लिटरला सुमारे ६ नॅनोग्रॅम आयव्हरमेक्टिनने त्यातील निम्मे जीव ४८ तासांत हालचाल थांबवतात. हा रेणू मातीला आणि गाळाला घट्ट चिकटतो ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब, पण उपचार केलेली जनावरे त्याच दिवशी डोहात डुंबायला सोडणे टाळावे.

प्रतिजैविके माशांपेक्षा नील-हरित जिवाणूंना अधिक मारक ठरतात, आणि पाण्याच्या अन्नसाखळीचा तळ तेच धरून असतात. पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्यांमध्ये औषधे साठतात आणि त्या कीटकांवर जगणाऱ्या कोळ्यांपर्यंत पोहोचतात, हे ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या ओढ्यांवर दिसून आले आहे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथील पक्ष्यांचा विचार याच साखळीच्या अंगाने व्हायला हवा.

८. धोका आहे की नाही हे ठरवतात कसे?

पाण्यात मोजलेल्या प्रमाणाला ‘या पातळीखाली परिणाम अपेक्षित नाही’ अशा प्रमाणाने भागतात. उत्तर एकाहून अधिक आले तर धोका गृहीत धरून पुढील अभ्यास करतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक सर्वेक्षणात १०४ देशांतील २५८ नद्यांवर १,०५२ ठिकाणी ६१ औषधी द्रव्ये तपासली गेली, आणि सुमारे एक चतुर्थांश ठिकाणी किमान एक द्रव्य सुरक्षित पातळीच्या वर होते.

या पद्धतीची मर्यादा अशी की ती एकेका औषधाचा स्वतंत्र हिशेब करते. नदीत मात्र वेदनाशामके, रक्तदाबाच्या गोळ्या आणि प्रतिजैविके एकत्र असतात, आणि एकाच पद्धतीने काम करणाऱ्या औषधांचा परिणाम बेरजेने वाढतो.

९. वाळूज, चिकलठाणा, पैठण येथे औषधांचे कारखाने आहेत. घरगुती सांडपाण्यापेक्षा धोका त्यांचाच जास्त नाही का?

कारखाना काय बनवतो यावर ते अवलंबून आहे. तयार पावडरीच्या गोळ्या पाडणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी आणि मूळ रसायनापासून औषध घडवणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी यांत फार अंतर असते. दुसऱ्या प्रकारात काय होऊ शकते याचे जगभर दिले जाणारे उदाहरण हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे आहे. तेथे सुमारे ९० औषधनिर्मात्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामूहिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध घेत असलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते लिटरला काही मिलिग्रॅमच असते.

हे आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. पाटणचेरू परिसराचा निचरा ज्या नक्कावागू ओढ्यातून होतो तो मांजरा नदीला मिळतो. तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरला पाणी देते आणि तेलंगणातून वळून पुन्हा नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते.

अशा पाण्यात जिवाणू औषधाला दाद न देण्याची क्षमता कमावतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनमुळे असे दाद न देणारे जिवाणूच निवडले जाऊन वाढू नयेत म्हणून सुचवलेली मर्यादा लिटरला ६४ नॅनोग्रॅम आहे. म्हणजे घरगुती सांडपाण्याचे प्रमाणही येथे दुर्लक्ष करण्याजोगे राहत नाही.

१०. यासाठी भारतात काही कायदा किंवा मर्यादा आहे का?

शहरी प्रक्रिया केंद्रांसाठी २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू (महानगरांत लिटरला २०, इतरत्र ३० मिलिग्रॅम), तरंगणारे घनपदार्थ, सामू आणि विष्ठाजन्य जिवाणू यांच्या मर्यादा आहेत. औषधांसाठी एकही नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांसाठी जानेवारी २०२० च्या मसुद्यात मर्यादा सुचवल्या होत्या, पण ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या वगळल्या गेल्या. ती तरतूद परत आली पाहिजे असे मला ठामपणे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकांपैकी ८० टक्के काढणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या निर्देशानुसार मोठ्या केंद्रांना २०४५ पर्यंत अशी जादा प्रक्रिया बसवायची आहे, आणि त्या खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे.

११. एका अहवालात बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषध आत येणाऱ्यापेक्षा जास्त दिसले. हा मोजणीतला घोळ आहे का?

नेहमीच नाही. शरीर अनेक औषधांना साखरेसारखा एक रेणू जोडून बाहेर टाकते. आत येताना ते या जोडलेल्या रूपात असते, त्यामुळे मूळ औषध म्हणून मोजले जात नाही. केंद्रातील जिवाणू ही जोडणी तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळे होते. कार्बामाझेपिन आणि डायक्लोफेनॅक यांच्याबाबत असे वारंवार दिसते. आत येणारे आणि बाहेर जाणारे नमुने एकाच क्षणी घेतले असतील तर तेही कारण असू शकते, कारण ती दोन्ही पाणी वेगवेगळ्या तासांची असतात.

उलट प्रकारचा फसवा निकाल मेटफॉर्मिनचा. ते केंद्रात मोठ्या प्रमाणात ‘नाहीसे’ होते, पण त्याचे ग्वानिलयुरिया बनते आणि ते पाण्यात राहते.

१२. शेवटी क्लोरीन घालतात. त्याने औषधे जळून जात नाहीत का?

नाही. क्लोरीन जंतूंसाठी आहे. काही औषधांशी त्याची अभिक्रिया होते, पण तयार होणारा पदार्थ मूळ औषधाहून वाईट असू शकतो. पॅरासिटामॉलपासून क्लोरीनमुळे बेंझोक्विनोनसारखी विषारी संयुगे बनतात. खात्रीचे उपाय दोन आहेत: ओझोन आणि त्यानंतर वाळूची गाळणी, किंवा सक्रिय कोळसा. दोन्हींचा वीज आणि देखभालीचा खर्च मोठा आहे. जेथे मूळ केंद्रच वीज नसल्याने थांबते आणि शहराचे निम्मे सांडपाणी जोडणीअभावी नाल्यात जाते, तेथे आधी सर्व सांडपाणी केंद्रापर्यंत आणणे हे औषधांच्या दृष्टीनेही अधिक उपयोगाचे ठरेल.

१३. आपल्याकडचे कडक ऊन औषधांचे विघटन करत असेल ना?

काहींचे करते. डायक्लोफेनॅक उथळ, स्वच्छ पाण्यात उन्हाने झपाट्याने मोडते. कार्बामाझेपिन फारसे मोडत नाही. पाणी गढूळ असेल किंवा पात्र जलपर्णीने झाकले असेल तर ऊन खाली पोहोचतच नाही. जलपर्णी काही औषधे शोषते हे खरे, परंतु ती काढून दूर नेली नाही तर कुजून तेथेच परत देते, शिवाय पाण्यातील प्राणवायूही संपवते.

१४. मग नाथसागराचे पाणी प्यावे का, तेथील मासे खावेत का?

औषधांच्या अवशेषांच्या कारणाने दोन्ही बंद करण्याची गरज नाही. पिण्याच्या पाण्यात आढळणारी प्रमाणे उपचाराच्या मात्रेपेक्षा हजारो पटींनी कमी असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या अहवालानेही माणसाच्या आरोग्याला धोका होण्याची शक्यता फारच कमी मानली आहे. रोहू, कटला, मरळ शिजवून खाण्यातही याच कारणाने अडचण नाही. सांडपाण्याच्या नाल्याच्या मुखाशीच पकडलेला मासा मात्र जंतू आणि जड धातूंमुळे टाळावा.

१५. प्रक्रिया केलेले पाणी नदीऐवजी शेतीला दिले तर प्रश्न सुटेल का?

नदीतील जीवांचा भार नक्की कमी होईल, आणि पाण्याची टंचाई पाहता हा उपाय रास्त आहे. पण कार्बामाझेपिन पाण्याबरोबर पालेभाज्यांच्या पानांत चढते. इस्राएलमध्ये अशा पाण्यावरची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत ते अल्प प्रमाणात सापडले. कपाशी, ऊस आणि चारा यांना हे पाणी द्यावे. मेथी, पालक, कोथिंबीर यांना देऊ नये.

१६. नदीसाठी म्हणून बीपीची किंवा साखरेची गोळी कमी करावी का?

मुळीच नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध थांबवू नये. सर्दीला प्रतिजैविक मागून घेणे मात्र थांबवावे.

१७. उरलेल्या आणि मुदत संपलेल्या गोळ्यांचे काय करायचे?

मोरीत किंवा संडासात टाकू नयेत, हा सर्वसाधारण नियम. मेडिकल दुकानदार परत घेत असेल तर त्याच्याकडे द्याव्यात. नसेल तर पट्टीतून काढून, वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवून, बंद पिशवीत सुक्या कचऱ्यापासून वेगळ्या द्याव्यात. मलम लावल्यावर हात धुण्याआधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा, म्हणजे प्रश्न १ मध्ये सांगितलेला मोठा भाग पाण्यात जाणारच नाही.

या नियमाला अपवाद आहे आणि त्यावरून बराच गोंधळ होतो. केंद्रीय औषध नियामकांनी २०२५ मध्ये १७ औषधांची एक यादी दिली असून ती उरल्यास संडासात टाकून पाणी ओतावे असे सांगितले आहे. त्यात फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम अशी औषधे आहेत. घरातील लहान मुलाने चुकून एक गोळी गिळली तरी जीव जाऊ शकतो, आणि तो धोका नदीवरील अल्प भारापेक्षा मोठा मानला आहे. हा निर्णय मला योग्य वाटतो. फक्त तो या यादीपुरताच आहे.

१८. आमच्या गावाजवळच्या नदीचे पाणी तपासून घ्यायचे आहे. कसे करावे?

नेहमीच्या पाणी तपासणीत हे अवशेष दिसत नाहीत. त्यासाठी द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांची जोड असलेले यंत्र लागते, आणि ते विद्यापीठांत किंवा मोठ्या खासगी प्रयोगशाळांत असते. नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेशी बोलून कार्बामाझेपिन, डायक्लोफेनॅक, मेटफॉर्मिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही चार तरी द्रव्ये मागावीत. सांडपाणी मिसळते त्याच्या वर एक, मिसळण्याच्या जागी एक आणि एक-दोन किलोमीटर खाली एक, असे तीन नमुने गडद काचेच्या बाटलीत घ्यावेत, बर्फात ठेवावेत आणि शक्यतो २४ तासांत पोहोचवावेत. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी हाताला वेदनाशामक मलम लावलेले नसावे. आणि हे काम प्रश्न ४ मध्ये दिलेल्या कारणासाठी एप्रिल किंवा मे महिन्यात करावे. जमल्यास सप्टेंबरमध्ये त्याच तीन जागी पुन्हा करावे.